सवयीचा नंबर

लेमुय बेटावर, बोटीच्या धक्क्यापासून पाऊण कोसावर, एदेल्मिरा ग्वेन्तेओचं घर समुद्राच्या सगळ्यांत जवळ होतं, आणि समुद्र दर हिवाळ्यात आणखी थोडा जवळ येत होता. आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग सफरचंदाची दोन झाडं, मग अंगणाचं कुंपण. आता दरडीची कड स्वयंपाकघराच्या पायरीपासून अकरा पावलांवर आली होती. रोज सकाळी कामाला कास्त्रो शहराची बोट पकडायला निघताना एदेल्मिरा ही पावलं मोजायची. परवापर्यंत ती बारा होती.

घर हलव, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. बेटावर घर हलवायचं म्हणजे घरच हलवायचं. खाली ओंडके सरकवायचे, दोरखंड आवळायचे, बैलजोड्या जुंपायच्या आणि लाकडी घर चुलीसकट, खिडकीतल्या कुंड्यांसकट नव्या जागी ओढत न्यायचं. शेजारीपाजारी राबतात, मजुरी कुणी घेत नाही, ज्याचं घर त्याने पोटभर खाऊपिऊ घालायचं. या कामाला मिंगा म्हणतात, आणि बेटावरची मिंगा बेलार्मिनो ओयार्सोच्या बैलांशिवाय होत नसे. बेलार्मिनोने एदेल्मिराच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलं होतं, त्या नात्याने ती त्याला कोंपाद्रे म्हणायची, तो तिला कोमाद्रे.

"कोमाद्रे, प्रार्थनाघराच्या वरची माझी जागा रिकामी पडलीय," तो दोन वर्षं सांगत होता. "गवत वाढतंय नुसतं. मेंढ्यासुद्धा मला विचारतात, बाई येणार कधी."

"पुढच्या उन्हाळ्यात बघू."

"पुढच्या उन्हाळ्यात मी बैल नाही, होडी घेऊन येईन तुझं घर न्यायला."

ती हसायची आणि विषय बदलायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या घरात तारेचा जुना फोन होता. ती तार किनाऱ्याच्या रस्त्याने येत होती आणि तिथेच संपत होती. वरच्या बाजूला तार नव्हती, आणि कंपनी आता नवी तार कुणालाच देत नव्हती. घर हललं की तो नंबर मेला. आणि तिच्या मुलीला, यास्नाला, आईचा तेवढा एकच नंबर ठाऊक होता.

यास्ना दूर उत्तरेला, वाळवंटातल्या खाणींच्या मुलखात नोकरीला गेली होती. ती दर रविवारी चार वाजता फोन करते, असं एदेल्मिरा सगळ्यांना सांगायची. ते एकेकाळी खरं होतं. शेवटचा फोन येऊन एकोणीस महिने झाले होते. अजूनही दर रविवारी साडेतीनला एदेल्मिरा चुलीत लाकूड सारायची, माते हा कडवट चहा करून फोनशेजारच्या खुर्चीत बसायची आणि पाचपर्यंत उठायची नाही. फेसबुकवर यास्नाचं पान होतं, पण त्यावरचा शेवटचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यात ती बारीक दिसत होती. एदेल्मिराने तो इतक्यांदा मोठा करून पाहिला होता की मुलीच्या गळ्याखालचं हाड तिला डोळे मिटूनही दिसायचं. तिकडे ही जेवते का, थंडीवाऱ्याचं अंगावर काही घेते का, वाळवंटात रात्री म्हणे पाणी गोठतं.

एदेल्मिराची नोकरी कास्त्रोत होती. पंचवीस वर्षांपूर्वी ती टायपिस्ट म्हणून लागली, ती एका लहानशा संस्थेत. सात बेटांवरच्या सात दवाखान्यांत कुणाला कोणतं औषध, किती आणि कधीपासून, याची नोंद ठेवणं हे संस्थेचं काम. आधी वह्या होत्या, मग कार्डं, मग एक सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतली एक काळी पेटी. तिच्यात सगळा डेटाबेस होता आणि तिची राखण एदेल्मिराकडे आली, कारण दुसरं कुणी त्या खोलीत जायला तयार नव्हतं. तिथे गार वारा यायचा आणि पंख्याचा आवाज व्हायचा. एदेल्मिराला दोन्हींची सवय होती. ती पेटीशेजारी बसून विणकाम करायची.

तो सर्व्हर बसवला होता यास्नाने. तेव्हा ती वाल्दिव्हियाला कॉम्प्युटर शिकत होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली होती. संस्थेला माणूस मिळत नव्हता, आणि एदेल्मिरा म्हणाली, माझी पोरगी करेल. सहा आठवडे मायलेकी एकाच बोटीने गेल्या, एकाच डब्यातले मिल्काओ, किसलेल्या बटाट्याचे वडे, खाल्ले. यास्नाने तेव्हा आईला सगळं समजावून सांगितलं होतं, बटाटे सोलता सोलता.

"हे बघ आई. हे यंत्र म्हणजे एक मोठी इमारत समज. तिला पासष्ट हजार दारं आहेत, प्रत्येकाला नंबर. त्याला पोर्ट म्हणतात. आपला डेटाबेस त्यांतल्या एका दारामागे बसतो. बाहेरून दवाखाना आला की त्याने त्याच दारावर टकटक करायची."

"मग दार ठरलेलं हवं."

"नाही ना. तेच तर. हा सकाळी उठतो, रिकामं दार बघतो आणि बसतो. आज हे, उद्या दुसरं."

"अगो बाई. मग त्याला शोधायचं कुणी?"

"खाली एक दारवान ठेवलाय. त्याला विचारायचं, डेटाबेस आज कुठं बसलाय? तो नंबर सांगतो. लक्षात काही ठेवायचं नाही. फक्त विचारायचं."

"तुझ्या आजोबांसारखं झालं हे," एदेल्मिरा म्हणाली होती. तिचा बाप मेंढ्यांची लोकर कातरायला पातागोनियात गेला होता. त्याचं प्रत्येक पत्र नव्या मळ्यावरून यायचं. चौदा पत्रं, चौदा पत्ते. पंधरावं आलं नाही. तिच्या आईने त्याच घरात, त्याच खिडकीत, जन्म काढला.

"आजोबांकडे दारवान नव्हता," यास्ना हसून म्हणाली होती.

पुढे गंमत अशी झाली की दाराचा नंबर कधी बदललाच नाही. सर्व्हर कितीदा बंद झाला, वीज गेली, आली, पण तो उठला की पुन्हा ४९७३१ नंबरच्या दारामागेच बसलेला. मध्यंतरी राजधानीतून सुरक्षेचं परिपत्रक आलं: दारवान काढून टाका, चोराचिलटांनाही तो नंबर सांगत बसतो. एदेल्मिराने दारवान बंद केला. सातही दवाखान्यांना तिने ४९७३१ हा नंबर पक्का लिहून घ्यायला सांगितला, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या पहाऱ्यात, तेवढंच एक दार उघडं ठेवलं. इतकी वर्षं जो नंबर बदलला नाही तो आता काय बदलणार? शिवाय तो यास्नाच्या हातचा होता. पेटीच्या कडेला मास्किंग टेपवर यास्नाच्या अक्षरात तो लिहिलेला होता, सातच्या मधल्या आडव्या रेघेसकट.

त्या ऑगस्टमध्ये तीन दिवस उत्तरेचा वारा सुटला. मोबाइलचा मनोरा पडला, कास्त्रोतली वीज दोनदा गेली. चौथ्या दिवशी सकाळी वीज आली, पेटीचे दिवे लागले, आणि एकही दवाखाना आत येऊ शकेना. एदेल्मिराने पडद्यावर पाहिलं. डेटाबेस जिवंत होता, ठणठणीत होता, फक्त तो ५२२०६ नंबरच्या दारामागे बसला होता. त्याच्या नेहमीच्या दारामागे छपाईचं एक फुटकळ काम येऊन बसलं होतं. ते आधी उठलं आणि जागा रिकामी दिसली म्हणून बसलं, एवढंच.

सात बेटांवर सात नर्स जुन्या दारावर टकटक करत असणार. आज सोमवार, इन्सुलिनचा दिवस, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा दिवस. दवाखान्यांत फक्त मोबाइल होते आणि ते बंद. पहाऱ्यात नवं दार उघडून देणं तिच्या हातात होतं, ते तिने दिलं. पण दवाखान्यांना नवा नंबर कळवायचा कसा?

बेटावरच्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच तिने केलं. ती छत्री घेऊन रस्त्यापलीकडच्या रेडिओ केंद्रात गेली. दुपारच्या निरोपांत तिने चिठ्ठी दिली, आणि साडेबाराला, कुणाच्या तरी आजीच्या दफनविधीची वेळ आणि कुणाची तरी हरवलेली गाय यांच्या मधोमध, निवेदकाने, बाईंना मानाने दोन्या म्हणत, खणखणीत आवाजात वाचलं: "सातही दवाखान्यांना दोन्या एदेल्मिराचा निरोप. औषधांची नोंदवही जागेवरून उठली आहे. तिचं नवं दार बावन्न हजार दोनशे सहा. पुन्हा सांगतो, बावन्न हजार दोनशे सहा. जुन्या दारावर उभं राहू नये."

एकच्या आत सातही दवाखाने आत आले होते.

बुधवारी पुएर्तो मोंत्तहून गोन्सालो नावाचा इंजिनिअर आला. तिशीचा, चष्मेवाला, बोट लागल्याने पांढराफटक. त्याने आल्याबरोबर कपाळावर हात मारला.

"दोन्या एदेल्मिरा, तुम्ही पोर्ट नंबर रेडिओवर सांगितला?"

"हो."

"सगळ्या जिल्ह्याला?"

"माझ्याकडे सात घरांपुरता वेगळा रेडिओ नव्हता, बाळा."

"अहो, सुरक्षा म्हणून काही असतं."

"असतं ना. पण गाय हरवलेल्याला आपल्या दाराशी काय देणंघेणं? तो गाय शोधतोय. आधी हा आल्याचा चहा घे, मग ओरड."

तो चहा प्यायला, आणि ओरडायचं विसरून पडद्यासमोर बसला. त्याने सेटिंगचं पान उघडलं. तिथे दोन चौकटी होत्या. एकीत बदलता नंबर, दुसरीत कायमचा. कायमच्या चौकटीत काहीच नव्हतं.

"हे बघा. हा नंबर कधी पक्का केलेलाच नव्हता."

"असं कसं? अकरा वर्षं तोच होता."

"हा उठतो तेव्हा आधी कालचंच दार चाचपून बघतो. रिकामं असलं तर तिथेच बसतो. म्हणून तुम्हाला वाटलं ठरलेलं आहे. ती सवय होती, दोन्या एदेल्मिरा. नियम नव्हता."

एदेल्मिराच्या हातातली विणकामाची सुई थांबली.

"सवय," ती म्हणाली.

"सवय मोडेपर्यंत नियमासारखीच दिसते. आणि गंमत बघा, सर्व्हरचं यात काही चुकलं नाही. त्याने कुठं वचन दिलं होतं? आपणच भिंतीवर नंबर लिहिला आणि दारवानालाही घालवलं. आता तो हलला तर सांगणार कोण?"

त्याने बदलत्या चौकटीतला आकडा खोडला. शून्यसुद्धा ठेवायचं नाही, तो म्हणाला, शून्याचा अर्थ 'बस वाट्टेल तिथे' असा होतो. चौकट कोरी हवी. मग कायमच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"इथे तोच घाल ना," एदेल्मिरा म्हणाली. "४९७३१."

"तो नको. ते वरचे सगळे नंबर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असतात. यंत्र कुणालाही देऊन टाकतं. राखून ठेवता येतो, पण कशाला? खालचा एखादा घेऊ."

तिने पेटीच्या कडेवर बोट ठेवलं. गोन्सालोने टेपवरच्या अक्षराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुणी लिहिलंय?"

"मुलीने."

"कुठं असते?"

"उत्तरेला," एदेल्मिरा म्हणाली. "दर रविवारी फोन करते." आणि टेपचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. "तुला योग्य वाटेल तो नंबर घाल."

त्याने १५४०२ घातला, पहाऱ्यातही तेच दार उघडलं, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि सात चिठ्ठ्या लिहून पाकिटांत घातल्या, दुपारच्या बोटींनी जायला. रेडिओ नाही, तो म्हणाला. एदेल्मिराने टेप मात्र सोलली नाही.

बोटीवर परतताना ती बाहेरच्या बाकावर बसली. डोळ्यांसमोर ते सहा आठवडे येत होते आणि त्यांच्यामागून तो शेवटचा फोन. रविवार, चार वाजता. यास्नाने आणखी एक जागा बदलली होती, सहा महिन्यांतली तिसरी. "लिही आई, नवा नंबर." आणि एदेल्मिरा म्हणाली होती, "किती वेळा लिहू? एका जागी टिकत नाहीस, आजोबांवर गेलीस. मी इथेच आहे, याच नंबरावर, तुला हवं तेव्हा कर." यास्ना म्हणाली होती, "तू कधी विचारत नाहीस, आई. मी कुठं आहे ते मीच सांगायचं, प्रत्येक वेळी. तू फक्त वाट बघतेस."

"वाट बघणं काय कमी असतं?" तिने विचारलं होतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. महिन्याने तिने यास्नाच्या मोबाइलवर एकदा करून पाहिला, तर हा नंबर सेवेत नाही असं रेकॉर्डवरच्या बाईने सांगितलं. तेव्हापासून ती रागाने वाट बघत होती, मग काळजीने, मग नुसतीच. बेटावर विचारायचं तर मुलगी बोलत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. आणि ती विचारणार कुणाला? पण त्या शेवटच्या फोनात तिने नवा नंबर लिहून घेतला होता, रागारागाने का होईना. अंतोफागास्ता शहरातल्या घरमालकिणीचा. चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली होती. एकोणीस महिने तिने साखर घेताना ती पाहिली होती आणि तो नंबर कधी फिरवला नव्हता.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. नंबर फिरवला.

"यास्ना? ती गेली की कधीच," घरमालकीण म्हणाली. आवाज जाड, मागे टीव्ही चालू. "कलामा गावाला. एका बेकरीच्या वर खोली घेतलीय म्हणाली होती. थांबा, बेकरीचा नंबर आहे, माझ्या पुतण्याच्या लग्नाचा केक तिथूनच आला होता. फार गोड होता."

बेकरीतली बाई घाईत होती.

"यास्ना? उंच, चष्मा? वर राहायची. मार्चमध्ये खोली सोडली. पण शनिवारी येते पाव न्यायला, आमचाच पाव लागतो तिला. नंबर नाही माझ्याकडे. आपण कोण?"

"आई."

"आई?" मागे पावांच्या ट्रेचा खडखडाट झाला. "अहो, मग नंबर तुमच्याकडेच असायला हवा."

एदेल्मिराने फोनची दोरी बोटाला गुंडाळली. "असायला हवा होता," ती म्हणाली. "विचारायचा राहिला. तिची तब्येत कशी आहे?"

बाईचा आवाज थोडा खाली आला. "बरी आहे. केस कापलेत. खोकला झाला होता जूनमध्ये, पण आता बरी आहे. निरोप सांगा, मी देते."

काय सांगायचं हे एदेल्मिराला ठाऊक नव्हतं, पण बोलायला लागल्यावर ते तोंडात तयार होतं. "सांगा, घर हलतंय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. हा फोन बंद होणार. त्यानंतर कुठं गेलो हे कळायचं असेल तर धक्क्यावर नोल्बेर्ताच्या दुकानात विचारायचं. तिचा नंबर लिहून घेता?"

मग तिला धक्क्यावर जावं लागलं, नोल्बेर्ताला सांगायला. नोल्बेर्ता तिच्या वर्गातली. धक्क्यावरच्या तिच्या दुकानातला फोन तीस वर्षं त्याच फळीवर होता, आणि अर्ध्या बेटाचे निरोप त्यातून जायचे. एदेल्मिराने सगळं सांगितलं. एकोणीस महिने, रविवारचं खोटं, सगळं. नोल्बेर्ता मीठ तोलत होती, तोलत राहिली.

"मला ठाऊक होतं, एदे."

"कुणी सांगितलं?"

"तूच. पूर्वी सोमवारी बोटीसाठी धक्क्यावर आलीस की कान खायचीस. यास्ना असं म्हणाली, यास्नाने तसं केलं. दीड वर्ष झालं, गप्प बसून विणतेस. एवढे मोजे कुणासाठी, गोमेसाठी?"

एदेल्मिराला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. नोल्बेर्ताने मिठाची पुडी बांधली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: एदेचं घर, प्रार्थनाघराच्या वर. यास्ना विचारेल.

"विचारेल कशावरून?" एदेल्मिरा म्हणाली.

"नाही विचारलं तर पान वाया गेलं. वही माझीच आहे."

पुढचे शनिवार तिने मोजले. निरोप पोचला असेल, किंवा त्या शनिवारी यास्ना पावाला आलीच नसेल, किंवा आली आणि बेकरीवाली विसरली असेल. पुन्हा फोन करून विचारावं असं दहादा वाटलं. दोनदा केला. दुसऱ्यांदा बाई म्हणाली, "दिला हो निरोप. ऐकला आणि पाव घेऊन गेली. मी काय तिचा हात धरू?"

नोव्हेंबरचा दुसरा रविवार उजाडला तो स्वच्छ. दरड आता नऊ पावलांवर होती. बेलार्मिनो नऊ बैलजोड्या घेऊन आला. एदेल्मिरा आणि बायका पहाटेपासून बटाटे किसत होत्या. पुरुषांनी घराखाली ओंडके सरकवले, कडेचे दगड काढले. दुपारी तीनला सगळं तयार झालं, दोर ताणले गेले आणि बैल जुंपले.

"चला," बेलार्मिनो म्हणाला.

"थांब," एदेल्मिरा म्हणाली. "चारनंतर."

"चारला काय आहे?"

नोल्बेर्ताच मोठ्याने म्हणाली, "मिल्काओचा दुसरा घाणा निघायचाय. उपाशीपोटी घर ओढणार का?" आणि चिचाचा, सफरचंदाच्या दारूचा, घडा पुढे सरकवला. चाळीस माणसं आणि अठरा बैल थांबले. एदेल्मिरा घरात गेली. भांडी खोक्यांत भरलेली होती. भिंती मोकळ्या होत्या. खुर्ची तेवढी तिने भरू दिली नव्हती. ती बसली.

बाहेर कुणीतरी म्हणत होतं, "बैलांना विचारा, त्यांनाही चिचा हवीय का." कुणी गिटार आणली होती. चार वाजले. सव्वाचार. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. घूं आवाज येत होता, म्हणजे तार जिवंत होती. तिने तो हळूच ठेवला. साडेचार वाजता ती उठली, शिवणाची मोठी कात्री घेतली आणि खिडकीच्या चौकटीतून येणारी तार कापली. तिला वाटलं होतं जड जाईल. ती दोऱ्यासारखी कापली गेली.

"चला, कोंपाद्रे," तिने दारातून सांगितलं.

घर हललं तेव्हा आधी कुरकुरलं, मग एकदम सुटलं. कुरणातून, पायवाटेवरून, प्रार्थनाघराच्या कुंपणाशेजारून ते वर चढत गेलं. मागून बायका, मुलं, कुत्री. वरच्या जागेवर पोचल्यावर बेलार्मिनोने त्याचं दार डोंगराकडे वळवायला घेतलं.

"तिकडे नको," एदेल्मिरा म्हणाली. "दार समुद्राकडे हवं. धक्क्यावरून वर बघितलं की दिसायला हवं."

"कोमाद्रे, सगळा उत्तरेचा वारा दारातून आत येईल. हिवाळाभर वारा खाशील."

"खाईन."

बेलार्मिनोने तिच्याकडे पाहिलं. यास्नाला त्याने हातांवर घेतलं होतं ते त्यालाही आठवत असावं. "जोड्या पुन्हा वळवा रे," तो म्हणाला. "बाईला वारा खायचाय." अर्धा तास अधिक लागला. शेवटी लाल दार खाडीकडे तोंड करून उभं राहिलं.

त्यानंतर एक रविवार गेला, आणि आणखी एक. चार वाजले की एदेल्मिराचे पाय अजूनही खुर्चीकडे वळायचे, जिथे आता फोन नव्हता. कामावर तिने गोन्सालोला फोन करून दारवान परत मागितला. दारवान पुन्हा ठेवता येत नाही हे त्याने पटवून दिलं, तेव्हा तिने प्रत्येक दवाखान्याच्या नर्सला एका कागदावर लिहून दिलं: दार सापडलं नाही तर अंदाज करू नये, एदेल्मिराला विचारावं. खाली तिचा मोबाइल नंबर. तो मोबाइल तिने मागच्या वर्षी घेतला होता; किनाऱ्यावरच्या जुन्या घरात त्याला रेंज नव्हती, पण नव्या घरामागच्या चढावर गेलं तर मिळायची.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, तिची सुट्टी होती. ती कुंड्यांना पाणी घालत होती, तेव्हा नोल्बेर्ता धापा टाकत चढ चढून आली. दुकान सोडून ती कधी येत नसे.

"बस आधी," एदेल्मिरा म्हणाली.

"बसते. फोन आला होता. आत्ता, सकाळी."

एदेल्मिराने झारी खाली ठेवली.

"नाव नाही सांगितलं," नोल्बेर्ता म्हणाली. "म्हणाली, ग्वेन्तेओंचं घर कुठं गेलं? मी सांगितलं, प्रार्थनाघराच्या वर, बेलार्मिनोच्या जागेत. मग विचारलं, दार कुठल्या बाजूला आहे? म्हटलं, समुद्राकडे. म्हणाली, तिकडून तर वारा येतो. म्हटलं, हो, तुझ्या आईला सांगून बघितलं सगळ्यांनी."

"मग?"

"मग विचारलं, दाराचा रंग तोच आहे का? म्हटलं, तोच, पण उडालाय, येऊन नवा दे. ते ऐकून खोकली की हसली, कळलं नाही मला."

"खोकली?"

"हसली असेल, एदे. जीव खाऊ नकोस." नोल्बेर्ताने एप्रनच्या खिशातून वहीचं फाडलेलं पान काढलं. "नंबर दिलाय. म्हणाली, आईला सांगा, हा या महिन्यापुरता आहे. पुढच्या महिन्यात कुठं असेन ठाऊक नाही. पण विचारलं तर सांगेन."

एदेल्मिराने पान घेतलं. आत जाऊन तिने फोनच्या जुन्या जागेवर, भिंतीवरच्या फिकट चौकोनात, तो नंबर उतरवून घेतला. पेन हाताशी होतं. तिने ड्रॉवर उघडून पेन्सिल शोधली आणि अगदी वरच्या कोपऱ्यात लिहिलं, म्हणजे खाली बरेच नंबर मावतील.

मग तिने मोबाइल घेतला, शाल घेतली आणि मागचा चढ चढू लागली. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. रविवारच्या चारला अजून खूप अवकाश होता.